केसगळतीवरील उपचार आणि देहाची अमानत

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, ज्याने माणसाला उत्तम घडणीत निर्माण केले, आणि सलात व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.

गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे रेंगाळला. निकाह होऊन दोन वर्षे झालेली. त्याने विचारले, "मौलाना, करणीचा असर जावा म्हणून काय पढावे?" पती-पत्नीत दुरावा आला होता, मन सदा खिन्न असे. घरच्यांनी 'कोणीतरी काही केले आहे' असे ठरवून त्याला एका आमिलकडे नेले होते. तेथे पैसेही गेले होते. "कोणते औषध चालू आहे का?" असे मी विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "केसांची गोळी घेतो. निकाहच्या आधीपासून. बायकोला ठाऊक नाही."

गोळी डॉक्टरांनी दिलेली नव्हती. मित्राच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेली होती. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सारे विचारून घेतले, गोळी थांबवली, आणि काही महिन्यांत त्याची तब्येत पूर्ववत झाली. पण त्या काळात 'मीच यांना नकोशी झाले' असे समजून त्याच्या पत्नीने ज्या रात्री रडून काढल्या, त्यांचा हिशेब कोण देणार?

ही हकिगत त्याच्याच परवानगीने, नाव न घेता लिहिली आहे. या विषयावर तरुण संकोचाने, बहुधा एकांतात विचारतात. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. वैद्यकीय भाग केवळ माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे वा थांबवणे हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

प्रश्न १ : केसांसाठी उपचार करणे म्हणजे अल्लाहच्या निर्णयावर नाराजी नव्हे काय?

नाही. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये बनी इस्राईलच्या तीन माणसांची हदीस आहे : एक कोडी, एक टकला आणि एक आंधळा. अल्लाहने त्यांच्या परीक्षेसाठी फरिश्ता पाठवला. टकल्याने सुंदर केस मागितले आणि ज्यामुळे लोक आपल्याला दूर लोटतात ते नाहीसे व्हावे, अशी इच्छा सांगितली. फरिश्त्याने हात फिरवला, त्याला केस लाभले. वर एक गाभण गायही मिळाली. पुढे तोच फरिश्ता गरीब टकल्याच्या रूपात येऊन एक गाय मागू लागला, तेव्हा या माणसाने आपले जुने दिवस साफ नाकारले. आंधळ्याने मात्र अल्लाहचे उपकार मान्य केले आणि हवे ते घेऊन जा म्हटले. अल्लाह त्याच्यावर प्रसन्न झाला आणि इतर दोघांवर नाराज.

लक्षात घ्या, केस मागितले म्हणून टकल्याला दोष दिलेला नाही. दोष आहे तो उपकार विसरण्याचा. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची शिकवण दिली आहे, तेव्हा गेलेले केस परत यावेत म्हणून वैध मार्गाने प्रयत्न करणे मुबाह, म्हणजे अनुमत आहे. मात्र ते अनुमत आहे, आवश्यक नाही. केस नसणे हे ना पाप, ना ऐब. हजरत उमर (रजि.) यांच्या डोक्यावर पुढे केस नव्हते; ते हजरे अस्वदचे चुंबन घेत असल्याचे वर्णन करणाऱ्या सहीह मुस्लिममधील रिवायतीत त्यांचा उल्लेखच टक्कल असलेले असा येतो. ज्यांच्या न्यायाची जगाने साक्ष दिली, त्यांच्या प्रतिष्ठेत त्यामुळे तसूभरही उणीव आली नाही. म्हणून मित्रमंडळीत आणि लग्नघरात टकल्या माणसाची जी थट्टा चालते, ती सूरह हुजुरातमधील उपहासाच्या मनाईखाली येते. अनेक तरुणांना डॉक्टरांऐवजी दुकानाकडे ढकलते ती हीच थट्टा.

प्रश्न २ : ही औषधे काय करतात?

पुरुषांतील नेहमीच्या टकलाचे मुख्य कारण आनुवंशिकता व डीएचटी नावाचे संप्रेरक हे आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी बनते आणि ज्यांच्या केसांची मुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांचे केस हळूहळू बारीक होत जातात.

यावर दोन औषधे सर्वाधिक वापरली जातात. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्याने अंगावर केस वाढतात असे दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले. फिनास्टेराइड ही गोळी डीएचटी बनण्याची क्रिया रोखते. १९९२ मध्ये ती प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅम मात्रेत आणि १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅम मात्रेत मान्य झाली.

दोन्हींचा गुण दिसायला काही महिने लागतात आणि औषध सोडले की मिळालेले केस पुन्हा जातात. म्हणजे हा काही दिवसांचा इलाज नसून वर्षानुवर्षांचा करार आहे. तो करण्यापूर्वी खर्चाचा व परिणामांचा विचार व्हावा.

प्रश्न ३ : दुष्परिणाम खरेच होतात, की ती अफवा आहे?

होतात, पण सर्वांना नाही. दोन्ही बाजू न्यायाने पाहिल्या पाहिजेत.

मिनॉक्सिडिलने टाळूला खाज, कोरडेपणा, कधी चेहऱ्यावर नको ते केस, आणि क्वचित धडधड किंवा चक्कर येऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात. ते बहुधा तात्पुरते असते. लावल्यावर हात धुवावेत आणि ते लहान मुलांना लागू देऊ नये.

फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांत एका वर्षात कामेच्छा घटल्याची तक्रार औषध घेणाऱ्यांपैकी १.८ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के पुरुषांनी केली. ताठरतेची अडचण अनुक्रमे १.३ व ०.७ टक्के जणांना जाणवली. म्हणजे बहुतेकांना त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो गोळी थांबवल्यावर जातो. काहींनी मात्र तो पुढेही टिकल्याचे कळवले आहे. खिन्नतेच्या तक्रारीही आहेत. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. म्हणून गोळी घेणाऱ्याचे मन विनाकारण काळवंडू लागले, तर त्याने ती थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे. आणि पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल, तर ते सुरुवातीलाच सांगावे. प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी करतानाही गोळीचा उल्लेख करावा, कारण तिच्यामुळे आकडा सुमारे निम्मा दिसतो.

शरीअतचा प्रसिद्ध नियम आहे की, स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये. देह आपली मालमत्ता नाही. ती अल्लाहची अमानत आहे. केवळ शोभेसाठी, तपासणीशिवाय, ऐकीव माहितीवर महिनोन्महिने गोळी गिळणे ही अमानतीत बेपर्वाई होय.

प्रश्न ४ : पत्नीला सांगणे गरजेचे आहे काय?

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर आहे : होय, सांगावे.

पहिले कारण तिच्या सुरक्षिततेचे. गर्भवती स्त्रीने फिनास्टेराइडची फुटलेली वा चुरा झालेली गोळी हाताळू नये. पोटातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीत त्यामुळे बाधा येऊ शकते. लपवून ठेवलेली गोळी तिच्या हाती केव्हा येईल, हे कोण सांगणार? दुसरे कारण तिच्या हक्काचे. फुकहांनी अज्लच्या चर्चेत पत्नीची संमती महत्त्वाची मानली आहे, कारण दांपत्यसुखात आणि अपत्यप्राप्तीत तिचाही हक्क आहे. ज्या औषधाचा परिणाम याच दोन गोष्टींवर होण्याची शक्यता आहे, ते तिच्यापासून लपवणे कसे योग्य ठरेल? आणि तिसरे कारण त्या तरुणाच्या घराने दाखवून दिले : जे लपवले जाते, त्याची जागा संशय घेतो. कोणी करणीला दोष देते, कोणी पत्नीला.

मंगनीच्या वेळीही हाच न्याय. वीग वा पॅच लावून मुलगी पाहायला जाणे आणि ते न सांगणे, ही फसवणूक आहे. मुलीकडच्यांनीही केसांवरून नव्हे, तर दीन व स्वभावावरून पारख करावी.

प्रश्न ५ : केसांचे प्रत्यारोपण जायज आहे काय?

स्वतःचेच केस डोक्याच्या मागील भागातून काढून पुढे लावणे बहुसंख्य समकालीन आलिमांच्या मते जायज आहे. यात अल्लाहच्या निर्मितीत बदल नसून गेलेले परत मिळवणे आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजया येथे सौंदर्य शस्त्रक्रियांविषयी ठराव केला. त्यातही गळलेल्या केसांच्या प्रत्यारोपणाला अनुमती आहे. मात्र ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करावी, आणि तिच्यासाठी व्याजी कर्ज काढू नये.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवस लावलेली मुळे नाजूक असतात. त्या काळात वुजूमध्ये डोक्याच्या सुरक्षित भागावर मसह करावा. शाफई मसलकात, जो कोकणातील आपल्या बहुसंख्य बांधवांचा आहे, थोड्याशा भागावरील मसहही पुरेसा होतो. हनफी मसलकात किमान चौथाई डोके लागते. पाणी लावणे डॉक्टरांनी पूर्ण मना केले असेल, तर जखमेच्या पट्टीवरील मसहचे व माजूरचे नियम आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. सजद्यात कपाळ टेकणे धोक्याचे ठरवले गेले असेल, तर इशाऱ्याने सजदा करावा. पण नमाज सोडू नये. हज-उमराच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया टाळावी, म्हणजे इहरामातून बाहेर पडताना मुंडणाचा पेच पडणार नाही.

प्रश्न ६ : वीग, लोशन आणि रोजा यांचे काय?

मानवी केसांचा वीग वापरू नये. केसांना केस जोडण्याविषयी हदीसमध्ये सक्त मनाई आहे. कृत्रिम केसांना हनफी फुकहांनी सवलत दिली आहे, पण मसहसाठी व गुस्लसाठी तो काढावाच लागतो. गोंदाने चिकटवलेल्या पॅचखाली पाणी पोहोचत नसेल, तर फर्ज गुस्ल पूर्ण होत नाही. सवलतीत दोन-तीन आठवडे डोक्यावर राहणारा पॅच घेण्यापूर्वी इतक्या दिवसांच्या नमाजांचा विचार करावा.

मिनॉक्सिडिलच्या लोशनमध्ये बहुधा अल्कोहोल असते. ते द्राक्ष वा खजुराच्या मद्यातून काढलेले नसेल, तर त्याचा बाह्य वापर अनेक हनफी मुफ्ती जायज ठरवतात. शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारावे. नमाजपूर्वी डोके धुणे ही सावधगिरीची वाट आहे. लोशनने रोजा तुटत नाही. गोळी गिळल्याने तुटतो, म्हणून ती इफ्तारनंतर घ्यावी.

शेवटी

तो तरुण आता पाचही वेळा मशिदीत येतो, कधी टोपीने, कधी उघड्या डोक्याने. त्याचे केस विरळ झाले आहेत, पण पत्नी आणि तो आता डॉक्टरांकडे एकत्र जातात. केस हवेसे वाटणे ही साधी मानवी इच्छा आहे. उपचार जरूर करा. पण डॉक्टरांना विचारून, पत्नीला सांगून, कर्जात न बुडता आणि फर्ज न बुडवता करा. गुण आला तर शुक्र करा, न आला तर सब्र. त्या हदीसमधील तिघांना अल्लाहने जे दिले, ते पाहण्यासाठीच दिले होते की ते त्याचे काय करतात.

अल्लाह आपल्याला देहाची अमानत जपण्याची, आपसांत खरे बोलण्याची आणि कृतज्ञ राहण्याची तौफीक देवो. आमीन.