रिपोर्टमधला ‘लिम्फॉइड’ शब्द आणि उंदरांच्या गाठी



कोलोनोस्कोपीनंतर बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘लिम्फॉइड ॲग्रिगेट’ असे शब्द दिसले की आपली माणसे घाबरतात. त्यात नातवाने संगणकावर शोधून ‘उंदरांना नेमका तिथेच कॅन्सर होतो’ असे वाचून दाखवले, की आजीची झोप उडालीच! म्हणून त्या उंदरांचे नीट सांगते.

लिम्फॉइड ॲग्रिगेट म्हणजे पांढऱ्या पेशींचा पुंजका. आपले टॉन्सिल त्याच जातीचे. मोठ्या आतड्याच्या अस्तरात असे बारीक पुंजके जागोजागी असतात आणि जंतूंवर पहारा ठेवतात. ते दिसणे हा आजार नव्हे.

प्रयोगशाळेत उंदरांना डायमिथाइलहायड्रझीन (नाव उच्चारतानाच दम लागतो) नावाचे विष कित्येक आठवडे टोचतात. काही महिन्यांनी मोठ्या आतड्यात गाठी येतात. संशोधकांनी त्यांच्या जागा तपासल्या, तेव्हा पुंजक्यांनी व्यापलेली जागा थोडी, पण त्यांच्यावर उठलेल्या गाठी त्या मानाने पुष्कळ, असे आढळले. कारण काय? अस्तरात बारीक खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी नव्या पेशी जन्माला येतात. पुंजक्यावरच्या खळग्यांत पेशी अधिक वेगाने वाढतात, आणि विभागणाऱ्या पेशीला विषाची बाधा चटकन होते. पुंजक्यातून सुटणारी रसायने या वाढीला जोर देत असावीत.

मग पहारेकरीच चोर? तसे मी म्हणणार नाही. विष तर माणसाने टोचलेले. शिवाय माणसांत याची दुसरी बाजू दिसते. २००६ साली फ्रान्समधील जेरोम गॅलाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत टी पेशी जितक्या जास्त शिरलेल्या, तितकी रुग्ण वाचण्याची शक्यता अधिक.

आपल्यात हा कॅन्सर बहुधा पॉलिपमधून, वर्षानुवर्षे हळूहळू होतो. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘अडेनोमा’ शब्द आहे का ते डॉक्टरांना विचारा. तो असेल तर पुढची तपासणी केव्हा, ही तारीख लिहून घ्या.

वय ५० ते ७४ असेल तर कुपत खोलिमकडून शौचातील रक्ताची तपासणी दरवर्षी मोफत होते. आईवडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल तर पन्नाशीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. तपासणीत रक्त आढळले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरी बसू नका, कोलोनोस्कोपीचा नंबर लावा.