वृद्ध महात्म्यांची सेवा : मार्गाचे ऋण

स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः आप्तस्वकीय यांचा संबंध त्यागावा, अशी सूत्रपाठाची आज्ञा आहे. अंगात बळ असेतो ही आज्ञा पाळून अटन व भिक्षा घडते. परंतु पाय थकले, दृष्टी मंदावली, म्हणजे त्या महात्म्याने कोठे जावे? घरी परतणे हा आज्ञाभंग होय. म्हणून मार्गाने ज्या दिवशी त्यास आपले म्हटले, त्याच दिवशी त्याच्या वार्धक्याचे ऋणही स्वीकारले, असे मानणे प्राप्त आहे.

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य, महदाइसा प्रभृती भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले आणि सर्वांनी मिळून त्यांची सेवा केली. श्रीप्रभू ईश्वर व वृद्ध भिक्षू जीव. तेव्हा दोहोंची बरोबरी नव्हे. तथापि सेवेचा भार एकावर न टाकता वाटून घ्यावा, हा बोध तेथून घेता येतो.

पुढे नागदेवाचार्यांनी केशिराजांस संस्कृतापासून आवरले, ते म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास मुकतील या काळजीने. तेव्हा वृद्धांस अन्न व औषध द्यावे, तसे निरूपणही द्यावे. ज्याची दृष्टी गेली त्यास लीळाचरित्र वाचून दाखविणे ही सेवाच होय.

आता व्यवहार पाहू. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाहाचा भार अपत्यांवर व वारस नातलगांवर ठेवतो. ज्याने हे संबंधच सोडले त्याच्यासाठी आश्रमाने त्यावर विसंबू नये. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय झाली आहे. त्यासाठी आधार कार्ड लागते. पूर्वाश्रमीचे व आश्रमातील नाव यांचा मेळ आधीच घालावा. अखेरच्या दुखण्यात कोणते उपचार नकोत, हे बुद्धी शाबूत असताना लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते पत्र करता येते.

सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर या भागास श्रीचक्रपाणिप्रभूंचे जन्मस्थान फलटण नीरेपलीकडे जवळच आहे. येथील वासनिकांनी स्थानवंदनास जाताना तेथील थकल्या महात्म्यांची व तपस्विनींची विचारपूस करावी, औषधाची यादी घ्यावी, रुग्णालयात सोबत कोण जाईल हे ठरवावे. दुखणे आल्यावर धावाधाव होते. सेवा आधी योजावी लागते.