बाटलीवरचा आकडा

पिंपरी गाव तुम्हाला ठाऊक आहे. १९५४ साली तिथे सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. १९५५ साली तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले.

पेनिसिलीन एका बुरशीपासून मिळते. ते युनिटमध्ये मोजतात. एका कुपीत पाच लाख युनिट असतात, दुसरीत दहा लाख. दोन्ही कुप्यांवर नाव एकच, फरक आकड्यात. म्हणून परिचारिका आधी आकडा वाचते, मग सुई भरते.

घरच्या औषधाचेही तसेच आहे. ही गोष्ट वाचा.

चाकणला एका कामगाराच्या खोलीत रात्री मूल तापले. बाप रात्रपाळीला गेलेला. मुलाचे वजन दहा किलो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते: पॅरासिटामॉल, एका वेळी १५० मिलिग्रॅम. मागची बाटली संपली होती. नवी आणली होती.

सासू म्हणाली, "अगं, बघतेस काय? मागं सहा मिलिलिटर दिलं होतं, तेवढंच दे."

सून म्हणाली, "आत्याबाई, जरा थांबा. ही बाटली वेगळी दिसते."

सून साक्षरता वर्गाला जात होती. तिने दिव्याखाली बाटली धरली. जुन्या बाटलीवर होते: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. नवीवर होते: ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम.

तिने हिशेब केला. जुन्या बाटलीत १ मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम औषध. १५० साठी ६ मिलिलिटर लागत. नव्या बाटलीत १ मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. मग १५० साठी ३ मिलिलिटर पुरे.

"आत्याबाई, सहा दिलं असतं तर दुप्पट झालं असतं!"

सासू म्हणाली, "बाई गं! औषध तर तेच ना?"

"औषध तेच. पण हे दुप्पट कडक आहे."

पॅरासिटामॉल योग्य मापात चांगले औषध आहे. फार झाले तर यकृताला, म्हणजे लिव्हरला, इजा होते. ही इजा लगेच दिसत नाही. मूल दिवसभर बरे दिसते, आणि आतून बिघडत असते. म्हणून चुकून जास्त औषध गेले, तर वाट पाहू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

थेंबांची छोटी बाटली तर याहून कडक असते. तिच्यात १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. ते औषध चमच्याने कधीही देऊ नका. त्याबरोबर आलेल्या नळीनेच मोजा.

घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. चहाचा चमचा म्हणजे माप नव्हे. बाटलीबरोबर खुणा केलेले झाकण किंवा नळी मिळते. तेच वापरा.

परिचारिका औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पाहते. त्या बोटांवर मोजा:

१. माणूस बरोबर आहे ना?
२. औषध तेच आहे ना?
३. माप किती?
४. वाट कोणती? तोंडाने, सुईने, की डोळ्यात?
५. वेळ झाली का?

पॅरासिटामॉलच्या दोन वेळांत निदान चार तास जाऊ द्या. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. दिलेली वेळ कागदावर लिहा. नाहीतर आई देते, मागून आजी पुन्हा देते.

बाटलीवरचे आकडे बहुधा इंग्रजी असतात. तेही ओळखायला शिका. आकडा लागला नाही, तर दुकानदाराला किंवा नर्सबाईंना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने देण्यात धोका आहे.

सांगा पाहू:

१. सुनेने सहाऐवजी तीन मिलिलिटर का दिले?
२. एका मुलाला १०० मिलिग्रॅम द्यायचे आहे. बाटलीवर लिहिले आहे: ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्याल?
३. तुमच्या घरातली एक बाटली आणा. तिच्यावरचा आकडा वर्गात मोठ्याने वाचा.