पट्टी लाव, पट्टी काढ

बाजारातून काही मागवायच्या आधी माझं थोडं ऐकशील? घरी गोल्फचा सराव करायची साधनं हल्ली ढिगाने मिळतात. पटिंगचे आरसे, मॅट, लेझर, मनगटाला बांधायचे पट्टे, टोकाला जड गोळा असलेले लवचीक दांडे. प्रत्येक जाहिरात बघून वाटतं, हेच आपल्याला कमी होतं. त्यातली बरीचशी साधनं चांगलीच असतात गं. पण कुठलंही साधन एकच काम करतं. तुला स्वतःला जे जाणवत नाही, ते ते दाखवून देतं. दाखवून झालं की त्याचं काम संपलं, पुढचं तुझ्या हातांनी शिकायचं. एवढं पक्कं धरलंस तर पैसेही वाचतील आणि खेळही सुधारेल.

सुरुवात पटिंगपासून कर. पार 72 च्या कोर्सवर प्रत्येक होलला पटरचे दोन फटके, म्हणजे दोन ‘पट’, धरलेले असतात; सगळे मिळून 36. अर्धा खेळ तिथेच झाला! आणि घरी खरा होणारा सराव तोच. हॉलमध्ये पटर तोच, बॉल तोच, फटकाही तोच. फुल स्विंगचं घरी तसं होत नाही. त्यात गोल्फ कोर्ससाठी चेंबूर, खारघर नाहीतर येरवडा गाठायचं म्हणजे सुट्टीची अर्धी सकाळ जाते. पावसाळ्यात तर ग्रीन ओली, जड आणि हळू होतात. हे चार महिने घरच्या पटिंगला सोन्यासारखे आहेत.

आपली गोल्फपटू अदिती अशोक आठव. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. आई तिची कॅडी होती. तिथल्या पुष्कळ जणींचे ड्राइव्ह तिच्यापेक्षा लांब जात होते. तरी शेवटच्या होलपर्यंत ती पदकाच्या शर्यतीत राहिली, ती पटरच्या जोरावर. म्हणून सांगते, ‘माझ्या हातात ताकद नाही’ हे वाक्य पटिंगपुरतं तरी बोलूच नकोस.

आता नेमकं काय तपासायचं ते बघ. होलचा व्यास 108 मिलिमीटर. दहा फुटांवरून पट मारताना पटरचं तोंड फक्त एका अंशाने उघडं राहिलं, तर होलपाशी पोचेपर्यंत बॉल मध्यापासून सव्वापाच सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे थेट काठावर. हा एक अंश ना डोळ्यांना दिसतो, ना हातांना कळतो. बॉल कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः पटरचं तोंड ठरवतं, पटर मागे-पुढे कोणत्या वाटेने गेला याचा वाटा त्यामानाने कमी. म्हणून पहिलं साधन तोंडाची दिशा सांगणारं हवं.

ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एक मीटरची, साधारण तीन सेंटिमीटर रुंद, स्टीलची पट्टी. तिच्या एका टोकाला खिळ्याला अडकवायचं भोक असतं. पट्टी जमिनीवर सपाट ठेव, त्या भोकावर बॉल ठेव, छान स्थिर बसतो. आता पटरने हलकेच असा मार की बॉल पट्टीवरूनच दुसऱ्या टोकापर्यंत गेला पाहिजे. मध्यावरून निघालेला बॉल मीटरभर जाईपर्यंत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला की कडेवरून खाली उतरतो. हिशेब केलास तर तो जेमतेम एक अंश भरतो. दहा फुटांच्या पटला जेवढा नेमकेपणा लागतो, तेवढाच ही पट्टी मागते. तू उजव्या हाताने खेळतेस, तेव्हा बॉल उजवीकडे उतरला तर तोंड उघडं होतं, डावीकडे उतरला तर बंद. दहा पट मार आणि कोणत्या बाजूला किती उतरले ते वहीत लिही. बहुतेक एकाच बाजूला उतरलेले दिसतील, आणि तुझी खोड तुला कळेल.

खोड कळली की मग आरसा. त्यासाठी महागडा पटिंग-आरसाच हवा असं नाही. साध्या आरशावर मार्करने एक सरळ रेघ ओढ आणि तो जमिनीवर ठेव. रेघेवर बॉल ठेवून स्टान्स घेतलास की डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा जरासे आत, तुझ्या बाजूला, दिसले पाहिजेत. खांदे रेघेला समांतर हवेत. डोळे फारच आत दिसत असतील तर आधी पटरची लांबी मोजून बघ. भावाचा किंवा नवऱ्याचा जुना पटर घेऊन सुरुवात करणाऱ्या आपल्याकडे कितीतरी जणी आहेत. पुरुषांचा पटर साधारण 34-35 इंचांचा असतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला तो लांब पडतो, मग ती बॉलपासून लांब उभी राहते आणि वर्षभर स्वतःलाच दोष देत बसते. असं असेल तर पटर कापून घे किंवा बदल. त्यावर दुसरा उपाय नाही.

तिसरं साधन म्हणजे दरवाजा. टायगर वूड्स सरावात पटरच्या दोन बाजूंना दोन टी रोवतो आणि त्यांना धक्का न लावता मधून पट मारतो, तेही पुष्कळदा एका हाताने. आपल्या फरशीत टी रोवता येत नाही, म्हणून दोन पेन्सिल सेल उभे कर. सेल पडला म्हणजे बॉल पटरच्या मध्यावर न लागता टोकाकडे नाहीतर टाचेकडे लागला असता.

मॅट घ्यायचीच असेल तर सपाट आणि आठ-दहा फुटांची घे. टोकाला चढ असलेली, बॉल परत पाठवणारी मॅट मी तुला सुचवणार नाही. त्या चढावर बॉल चढवायला दर वेळी जोर लावायची सवय लागते आणि कोर्सवर बॉल होलच्या चार फूट पुढे पळतो. वेगाचा अंदाज यायला मॅटपेक्षा घरातली जमीनच उपयोगी. सतरंजीवर बॉल हळू जातो, गालिच्यावर त्याहून निराळा, फरशीवर सुसाट. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची 36 इंचांची खाचेची पट्टी वापरतात. ती एका टोकाने उचलली की ठरावीक उंचीला बॉल सुटतो आणि तो जितके फूट घरंगळतो तो ग्रीनचा वेग. एडवर्ड स्टिंपसन यांनी ती 1935 मध्ये तयार केली, कारण वेग नजरेने ठरवला की प्रत्येकाचं मत वेगळं. घरी वेगाचा सराव करताना तू होल बाजूलाच ठेव. पहिला बॉल चार फुटांवर थांबव, पुढचा त्याच्या वीतभर पुढे, मग त्याच्याही पुढे. भिंतीला लागला की पहिल्यापासून. सतरंजीवर झालं की लगेच फरशीवर कर. दुपारी मात्र करू नकोस, फरशीवर घरंगळणाऱ्या बॉलचा आवाज खालच्या मजल्यावर फार घुमतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही सगळी साधनं काढायची कधी?

1984 मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी एक मुद्दा मांडला, तो मला फार मोलाचा वाटतो. शिकताना प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून उत्तर मिळत राहिलं, तर सरावात कामगिरी छान दिसते, पण ते उत्तर बंद झाल्यावर ढासळते, कारण शिकणारा त्या उत्तरावरच विसंबून राहिलेला असतो. नव्याने कणीक मळायला शिकताना आपण पाणी मापाने घालतो. पुढे हातालाच कळतं, पण त्यासाठी माप बाजूला ठेवूनही मळावी लागते. पट्टीचंही तसंच. तीन पट पट्टीवरून मार, मग पट्टी काढ आणि तीन नुसते मार. नुसते मारताना नजर खालीच ठेव आणि बॉलकडे बघायच्या आधी मोठ्याने सांग, ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ की ‘सरळ’. मग मान वर कर. तुझं सांगणं आणि बॉलची जागा जुळायला लागली की समज हात शिकले. त्या दिवसापासून पट्टी आठवड्यातून एकदाच, तपासणीपुरती.

कोर्सवर तर नियमच साधन काढून घेतो. जूली इंक्स्टर हे नाव तू ऐकलंच असशील. मेजर स्पर्धा जिंकलेली, अनुभवी खेळाडू. 2010 मध्ये अमेरिकेत ओरेगनमधल्या महिला व्यावसायिकांच्या एका एलपीजीए स्पर्धेत दहाव्या टीवर बराच वेळ थांबावं लागलं. अंग मोकळं राहावं म्हणून तिने क्लबवर वजनाची कडी चढवली आणि काही स्विंग केले. तेवढ्यावरून ती बाद झाली, आणि तेव्हा ती विजेतेपदाच्या शर्यतीत होती! आता पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो, दुसऱ्यांदा मात्र बादच. म्हणून राउंड सुरू व्हायच्या आधी बॅग तपास आणि वजनाच्या कड्या, दांडे गाडीतच ठेव.

स्विंगचं थोडक्यात सांगते, कारण घरात तो जपूनच करावा लागतो. आधी पंखा बंद कर. मग क्लब उलटा धरून, अगदी सावकाश, पूर्ण फिरवून बघ की छत, ट्यूबलाइट आणि कपाट किती लांब आहेत. मूल किंवा मांजर खोलीत असेल तर क्लब हातात घेऊच नकोस. गच्चीवर खरा बॉल कधीही नाही, फोमचाच.

स्विंगच्या सरावाला तीन गोष्टी पुरतात. पहिली, जमिनीवर ठेवायच्या दोन सरळ काठ्या. एक लक्ष्याच्या दिशेने, दुसरी पावलांना समांतर. आपण नेम कुठे धरतो हे त्या बिनचूक सांगतात. दुसरी, टॉवेल. घडी करून बॉलच्या मागे चार इंचांवर ठेव आणि त्याला न लागता स्विंग कर. घरातली मॅट इथे फसवते. क्लब बॉलच्या आधी टेकला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो, गवतावर तोच रुततो. टॉवेल ते लपू देत नाही. तिसरी, स्विंगचा व्हिडिओ घ्यायला मोबाइल. हातांच्या उंचीवर, एकदा समोरून आणि एकदा मागून, लक्ष्याच्या दिशेने बघणारा. दर वेळी त्याच जागी ठेव. कॅमेरा वीतभर सरकला तरी स्विंगची वाट वेगळीच दिसते.

जड टोकाचा लवचीक दांडा लयीसाठी चांगला. जॉन नोव्होसेल यांनी चांगल्या खेळाडूंचे स्विंग फ्रेम मोजून तपासले, तेव्हा बॅकस्विंगला लागणारा वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट निघाला. दांडा घाईने ओढलास की तो डगमगतो आणि घाई तुला लगेच कळते. पण अंग गरम केल्याशिवाय तो हातात धरू नकोस. मनगट, कोपर किंवा कंबर दुखली तर तिथेच थांब. दुखणं सहन करून सराव वाढवायचा नसतो, आणि हे मी तुला दटावूनच सांगते आहे.

आणि वेळेचं. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती ठरलेली हवीत. घरच्यांना स्पष्ट सांग की या वेळात मला हाक मारू नका. स्वतःच्या खेळासाठी पंधरा मिनिटं मागताना संकोच कसला?

तर आज एवढंच घे: स्टीलची पट्टी, साधा आरसा, दोन काठ्या. टॉवेल आणि सेल घरात आहेतच. बाकीचे पैसे कोचच्या दोन धड्यांसाठी ठेव. प्रत्येक धडा संपला की त्यांना विचार, ‘घरी मी नेमकी कोणती एक गोष्ट तपासू?’ त्यांचं उत्तर तपासायला हातातली साधनं पुरत नसतील, तरच नवीन घे.