शिंजिराचं घरटं आणि रंगकाम

प्रश्न : बाल्कनीतल्या तारेवर शिंजिराने घरटं केलंय, मादी अंड्यांवर बसते. पुढच्या आठवड्यात इमारतीचं रंगकाम आहे. घरटं जवळच्या झाडावर हलवावं का? साखरपाणी ठेवावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हलवू नका. हात-दोन हात सरकवलं तरी मादी घरटं सोडून देण्याची भीती असते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी किंवा घरटं नष्ट करणं गुन्हा आहे, हे सोसायटीच्या सचिवांच्याही कानावर घाला. (कायदा म्हटलं की रंगारी लगेच थांबतात!) तुमची भिंत शेवटी रंगवायला सांगा. साधारण पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पुढच्या दोनेक आठवड्यांत उडून जातात.

घरटं बांधणं, अंडी उबवणं हे सगळं मादीचं काम. निळा-जांभळा चमकणारा नर पिल्लांना भरवायला तेवढा येतो. मध पिणाऱ्या या पक्ष्याची पिल्लं मात्र वाढतात किडे-कोळ्यांवर, आणि घरट्याची वीणही कोळिष्टकांचीच. म्हणून सध्या कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका, जाळीही झाडू नका. पाहुणे आले तर थोडे दिवस जाळी सहन करतील.

साखरपाणी नकोच, ते लवकर आंबतं. त्यापेक्षा जास्वंद किंवा अडुळसा लावा. फोटो लांबून, फ्लॅशशिवाय काढा. पिल्लू खाली पडलंच, तर हलक्या हाताने पुन्हा घरट्यात ठेवा. माणसाच्या वासाने आई टाकते, हा निव्वळ गैरसमज आहे.