वजनकाटा व संगणक यांमधील संपर्कदोष कसा शोधावा?

गावच्या दूध-संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा आकडा केबलवाटे संगणकात जातो व त्यानुसार सभासदाच्या नावे दूध जमा होते. सकाळच्या गर्दीत हा संपर्क तुटला म्हणजे आकडे हाताने भरले जातात, आणि घाईत ७.४ चे ४.७ होण्यास वेळ लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या सभासदाचे वजन पडद्यावर तसेच राहून पुढच्याच्या खाती चढणे. यास्तव दोषाचे स्थान ओळखण्याची रीत कार्यकर्त्यांनी शिकून घेणे अगत्याचे आहे.

आकड्यांऐवजी वेडीवाकडी अक्षरे उमटत असल्यास तारा बहुधा शाबूत आहेत असे समजावे. आरएस-२३२ पद्धतीत घड्याळाची वेगळी तार नसते. काटा सेकंदास ९६०० बिट पाठवीत असता संगणक ४८०० च्या हिशेबाने वाचू लागला तर अर्थाचा अनर्थ होणारच. वेग, डेटा बिट, पॅरिटी व स्टॉप बिट माहितीपुस्तिकेत पाहून संगणकात तसेच भरावेत.

काहीच येत नसेल तर अधिक तपास करावा लागतो. यूएसबी जोडणी दुसऱ्या खाचेत लावल्यास पोर्टचा क्रमांक पुष्कळदा बदलतो, व प्रोग्रॅम जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसतो. आमच्या मते प्रथम याचीच चौकशी करावी. तिला खर्च काहीच नाही.

त्यानंतर केबल पाहावी. संगणकाच्या नऊ पिनांच्या जोडणीत २ क्रमांकाची पिन ऐकते, ३ क्रमांकाची बोलते व ५ क्रमांकाची समाईक असते. केबल संगणकापासून सोडवावी, काटा चालू ठेवावा आणि मल्टिमीटरची काळी तार ५ वर व लाल तार २ वर लावावी. काटा काही पाठवीत नसता तेथे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते ३ वर दिसल्यास २ व ३ यांची अदलाबदल केलेली केबल हवी. कोठेच न दिसल्यास तार तुटली आहे किंवा काट्याचा निर्गम बंद आहे.

दाब योग्य असूनही आकडा येत नसेल, तर संगणकाच्या पोर्टातील २ व ३ या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अक्षरे टंकावीत. ती परत उमटली व तुकडा काढताच थांबली, तर पोर्ट निर्दोष होय.

काट्यावरील वैधमापन खात्याचे सील मात्र कदापि तोडू नये. दुरुस्ती होईपर्यंत काट्यावरील आकडा सभासदासमक्ष वहीत नोंदवावा व त्याची सही तेथेच घ्यावी.