मुकी कळ

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गावरील सिरुसेरी येथे सिपकॉटचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. दूरदेशीच्या ग्राहकाशी लॅपटॉपवरून बोलणे हा तेथील नित्याचा व्यवहार होय. बोलता बोलता शेजारच्या सहकाऱ्यास खाजगी असे काही सांगावयाचे झाल्यास माइक बंद करणारी खास कळ दाबावयाची असते. लिनक्सवर मात्र कित्येक लॅपटॉपांची ही कळ दाबूनही काहीच घडत नसे. आणि खाजगी शब्द ग्राहकाच्या कानी जाण्याचा धोका तसाच राही.

कळ बिघडली, असेच कोणासही वाटेल. वस्तुतः दोष तिचा नव्हे. कळ अक्षर पाठवीत नाही, केवळ एक खूण पाठविते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या खुणेला आपला क्रमांक देतो. ‘ए’ या कळीचा क्रमांक 30 आहे. पडद्यावरील खिडक्यांचा कारभार पाहणारी ‘एक्स’ ही प्रणाली त्यात 8 मिळविते व 30 चे 38 होतात. माइकच्या कळीस कर्नलने 248 हा क्रमांक दिला. आठ मिळवून होतात 256. परंतु 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एक्सच्या अकराव्या आवृत्तीत कळीच्या क्रमांकासाठी एकच बाइट राखलेला असून त्यात 255 च्या पुढे जागाच नाही. केवळ एका अंकाने कळ मुकी झाली!

यावर योजलेली युक्ती मोठी व्यावहारिक आहे. सामान्य कळफलकावर नसलेल्या ‘एफ 20’ या कळीचा क्रमांक, 190, तिला उसना देण्यात आला आणि एक्सच्या नकाशात त्याचा अर्थ ‘माइक बंद’ असा लावला गेला. नव्या ‘वेलँड’ पद्धतीत ही मर्यादा उरलेली नाही.

इतर मुक्या कळींची कथा निराळी असू शकते. म्हणून प्रथम ‘एव्हटेस्ट’ हा छोटा कार्यक्रम चालवून कळ दाबावी. क्रमांक उमटला, तर कर्नलपर्यंत संदेश पोचला आहे; खोट वरच्या थरात शोधावी. न उमटल्यास कर्नलची नोंदवही पाहावी. अनोळखी खूण आली असल्यास तेथे तिची नोंद सापडते, आणि ‘सेटकीकोड्स’ ही आज्ञा वापरण्याची सूचनाही. मात्र त्या आज्ञेचा परिणाम यंत्र बंद करताच पुसला जातो. कायमची व्यवस्था ‘यूडेव्ह’च्या तक्त्यात करावी लागते. नोंदवहीही कोरी असेल, तर त्या लॅपटॉपासाठी स्वतंत्र चालक लागतो काय, हे पाहावे.

दुरुस्तीनंतर कळीवरील दिव्यावर विसंबू नये. पुष्कळ लॅपटॉपांत तो वेगळ्या वाटेने चालविला जातो. माइक खरोखर बंद झाला की नाही, हे ध्वनीच्या मांडणीतच पाहून घ्यावे.